स्वतःचा भाग

सुकुमार चौगुले खोलीत आले की हेमांगीच्या पोटात गोळा यायचा, आणि तो का येतो हे तिला सांगता येत नव्हतं.

माणूस तर नावं ठेवायला जागा नाही असा. वय चोपन्न, सांगलीच्या एका शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेले चित्रकलेचे शिक्षक. दाराबाहेर चपला जुळवून ठेवायचे, "येऊ का मॅडम?" असं विचारूनच आत यायचे. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण पद्माक्का अर्धांगवायूच्या झटक्याने तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती आणि तिचं हगणं-मुतणं, खाणंपिणं सगळं हेच बघत होते. झोप उडाली, मन कशात लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना समुपदेशनाला पाठवलं होतं. दर गुरुवारी अकरा वाजता ते यायचे, हलक्या आवाजात घरातलं सांगायचे आणि पाऊण तासाने हात जोडून निघून जायचे.

हेमांगी शिंगारे सांगलीत विश्रामबागेतल्या या समुपदेशन केंद्रात एकोणीस वर्षं काम करत होती. रडणारी, शिव्या देणारी, तिच्यावरच भाळणारी, सगळ्या तऱ्हेची माणसं तिने पाहिली होती. पण या शांत माणसासमोर बसलं की तिचे तळवे गार पडायचे. मग कानामागची पट्टी हलकेच गुणगुणायची, श्वास आपोआप लांब व्हायचा, गोळा विरघळून जायचा. टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या पडद्यावर आकडा उमटायचा. स्वतःचा भाग : ९४.

ही पट्टी येऊन आता चार वर्षं झाली होती. तिचं नाव 'तटस्थ'. समुपदेशक हाही माणूसच. समोरच्याचं ऐकताना त्याला कणव येते, चीड येते, क्वचित प्रेमही वाटतं, आणि त्यातलं बरंचसं समोरच्यामुळे नसून स्वतःच्या जुन्या जखमांमुळे असतं. पूर्वी हे ओळखायला अनुभव आणि एखादा ज्येष्ठ मार्गदर्शक, एवढंच हाताशी होतं. त्यात चुका व्हायच्या, तक्रारी व्हायच्या. शेवटी राज्याच्या समुपदेशन मंडळाने पट्टी सक्तीची केली.

तिचं शास्त्र तसं सोपं होतं. भावना मनाला कळण्याआधी शरीराला कळते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, कातडीला न दिसणारा घाम येतो, गळ्याचे स्नायू किंचित आवळतात. पट्टी हे सगळं टिपायची. पण नुसतं टिपून भागत नाही; म्हणून प्रत्येक समुपदेशकाला आधी चाळीस तास आपलं स्वतःचं आयुष्य पट्टी लावून सांगावं लागे. बालपण, भांडणं, मृत्यू, लाज. प्रत्येक आठवणीला शरीराचा एक खास ठसा असतो. तो साठवला जाई. पुढे समोरच्याचं ऐकताना तसाच ठसा उमटला, की पट्टी म्हणणार, ही भावना तुमची, समोरच्याची नव्हे. हा 'स्वतःचा भाग' शंभरात सत्तरच्या वर गेला की दुसरं काम सुरू. मेंदूतून निघून छातीपोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानाच्या कातडीत येते. पट्टी तिथे अगदी सौम्य विजेचा स्पर्श करायची. ठोके मंदावायचे, माणूस निवायचा.

तक्रारी निम्म्यावर आल्या. समुपदेशक कमी थकू लागले. हेमांगी स्वतः पट्टीवर खूष होती. सुकुमार चौगुले येईपर्यंत.

महिन्याच्या बैठकीत तिने टिकेकर मॅडमपाशी विषय काढला. टिकेकर तिच्या मार्गदर्शक, साठी उलटलेल्या, मिरजेच्या. हेमांगीला त्यांनीच घडवलं होतं.

"मला त्या माणसाचा संशय येतोय," हेमांगी म्हणाली.

"कसला?"

"तेच कळत नाही. तो काही वाईट बोलतच नाही."

टिकेकरांनी पडद्यावरचे आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, अंथरुणाला खिळलेली बाई आणि तिचं करणारा एकटा पुरुष. तुझ्या आईवडिलांचंच चित्र आहे की हे. आणि चौऱ्याण्णव! इतका स्वच्छ आकडा मी क्वचित बघते."

हेमांगीला यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. ती पुण्याला शिकत असताना तिची आई दोन वर्षं तासगावच्या घरी पडून होती. वडील करायचे. आई गेल्याचा निरोप आला, ही पोचली, बायकांनी आंघोळ घालायला आईला कुशीवर वळवलं, तेव्हा हेमांगीने तिची चिघळलेली पाठ पाहिली होती. सुकलेले ओठ पाहिले होते. "तिला शेवटी काही त्रास नव्हता," वडील म्हणाले. तिने काही विचारलं नाही. वडील जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

"पट्टी सांभाळतेय तुला," टिकेकर म्हणाल्या. "तिला सांभाळू दे."

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी ती ओट्याशी गवारी मोडत होती. उदय, तिचा नवरा, साखर कारखान्यात केमिस्ट होता. तो कामावरून आला आणि चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"गळ्यातली ती गाठ तपासायला द्यायची म्हणतायत डॉक्टर. सुई घालून."

"बरं. शुक्रवारी जाऊ या? दुपारपर्यंत मोकळी आहे मी."

उदय तिच्याकडे बघत राहिला. "मी काय म्हणालो ते कळलं का तुला?"

"कळलं की. बहुतेक गाठी साध्याच असतात, उदय. तुला भीती वाटतेय, मी समजू शकते."

"मी समजू शकते!" त्याने पाण्याचा पेला ओट्यावर आपटला. "मी बायकोला सांगायला आलो होतो. केंद्रातल्या बाईंना नव्हे."

तो आत निघून गेला. हेमांगीचा हात सहज कानामागे गेला. घरी येताना पट्टी काढायची राहूनच गेली होती.

तिने ती सोलून काढली आणि खिडकीत ठेवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गवारीची ताटली तिच्या हातातून निसटून खाली पडली. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली आणि तिला रडू फुटलं. उदय धावत आला, तिच्याजवळ बसला आणि तिला रडताना बघून त्याला उलट बरंच वाटलं. पुढच्या आठवड्यात गाठ साधी निघाली. पण त्या संध्याकाळपासून हेमांगीच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. सव्वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याबद्दलची भीती पट्टीने तिच्यापर्यंत पोचूच दिली नव्हती. मग चौगुल्यांच्या बाबतीत काय काय पोचलं नसेल?

त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती केंद्रात सगळ्यांच्या आधी गेली. प्रत्येक बैठकीचं बोलणं लिखित स्वरूपात जपलेलं असे आणि पट्टीने जिथे जिथे शांत केलं तिथे समासात निळी खूण असे. या खुणा कुणी पाहत नसे. तिने चौगुल्यांच्या अकरा बैठका उघडल्या आणि फक्त निळ्या खुणांपाशीची वाक्यं वाचत गेली.

तिसरी बैठक : अक्का हल्ली पाणीसुद्धा मागत नाही. शहाणी झाली आहे.

पाचवी : दुपारी गोळी दिली की दिवेलागणीपर्यंत घरात शांतता असते.

आठवी : डॉक्टरांनी एक सांगितली होती. दोनने काही बिघडलं नाही.

दहावी : चादर बदलायला आता दिवसातून एकदाच लागते. कमी प्यायलं की कमी भिजतं, साधं गणित आहे.

प्रत्येक वाक्याखाली हेमांगीची स्वतःची नोंद होती. 'काळजी घेणारा थकलेला. बहिणीशी नातं प्रेमळ.' अकराही वेळा जवळपास तीच. तिने ती वाक्यं पुन्हा ओळीने वाचली. विहिरीत उतरणारा माणूस एकेक पायरी पायाने चाचपत जातो, तशी ती वाक्यं होती. 

की हे वाटणंसुद्धा आईमुळेच? थकलेली माणसं असं बोलतात. घरोघरी गोळी देऊन आजाऱ्याला झोपवतात. ज्याला साप चावलाय त्याला दोरीही वळवळताना दिसते. तिला चौगुल्यांचा संशय होता, पट्टीचा होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता.

तिने टिकेकरांना फोन लावला. जिवाला धोका वाटला तर समुपदेशनाला आलेल्याची गुप्तता मोडून कळवायची सोय होती. पण त्या अर्जाला पट्टीचा अहवाल जोडावा लागे.

"चौऱ्याण्णववर अर्ज पुढेच जात नाही, हेमांगी. परत येतो. आणि हे असं कितीतरी लोक बोलतात."

"मॅडम, ही भीती कुठून आली एवढंच पट्टी सांगते ना? ती खरी की खोटी, हे कुठे सांगते?"

"तू जरा सुट्टी घे," टिकेकर म्हणाल्या.

परवाच गुरुवार होता. मधला एक दिवस हेमांगीने कसाबसा काढला. चौगुल्यांना पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून तिने अक्कांची चौकशी केली, तर त्यांनी अक्कांना चार महिन्यांत पाहिलंच नव्हतं. भाऊ येऊन औषधं लिहून घेऊन जात होता.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना तिने पट्टी काढून खणात टाकली. याची नोंद मंडळाकडे त्याच क्षणी झाली असणार, हे तिला माहीत होतं.

"येऊ का मॅडम?"

"या सर."

चौगुले बसले. शर्टाची बाही सारखी केली. "बरंय तसं. अक्का काल दिवसभर गप्प होती. हल्ली जेवणही कमीच ठेवलंय तिचं. कसं असतंय, कमी पोटात गेलं की पुढचं सगळंच सोपं पडतंय."

गोळा आला आणि या वेळी विरघळला नाही. तो वर चढत गेला. हेमांगीला आपला जबडा आवळल्याचं जाणवलं, डोळे भरल्याचं जाणवलं. तिने काही लपवलं नाही.

चौगुले बोलता बोलता थांबले. तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. "मॅडम, तुमचा चेहरा…"

"मला भीती वाटतेय, सर. तुमच्या बहिणीसाठी. माझ्या आईचं काही जुनं आहे, त्यामुळेही वाटत असेल. तरी विचारते. अक्का शेवटचं पाणी कधी प्यायल्या?"

बाहेर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं. चौगुल्यांनी शर्टाची बाही पुन्हा सारखी केली.

"काल सकाळी."

"किती?"

"दोन चमचे." आणि मग एकाएकी त्यांचा आवाज चढला. तो इतका चढू शकतो हे तिला माहीत नव्हतं. "आज विचारताय? पाण्याचं मी तिसऱ्या खेपेलाच सांगितलं होतं! मुद्दाम सांगितलं होतं. तुमच्या तोंडाकडं बघत होतो मी. म्हटलं, बाई आता दचकतील, चार शिव्या घालतील, पोलिसात देतील. तुम्ही मान हलवलीत. गोड, शांत. मग मला वाटलं, शिकलेली बाई आहे, हिला यात काही वावगं दिसत नाही म्हणजे नसेलच. पुढच्या खेपेला जरा जास्त सांगितलं. तरी तसंच. तीस वर्षं माणसांची तोंडं काढायला शिकवलं पोरांना, चेहरा वाचता येतोय मला. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतंच!"

ते रडत होते. हेमांगीला मात्र त्या क्षणी दया आली नाही. हा माणूस आपलं पाप माझ्या पदरात टाकतोय का, असा संशय तिला आला. आणि त्याच वेळी तिला हेही पक्कं कळलं की तो बोलला त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "घरी जायचंय. आत्ता."

वाटेत तिने रुग्णवाहिकेला फोन केला. चौगुल्यांचं घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की तिथे कुणी आजारी आहे अशी शंकाही येऊ नये. फिनेलचा वास, घडी करून रचलेल्या चादरी, भिंतीवर अक्कांचं त्यांनीच काढलेलं तरुणपणचं चित्र. खाटेवर पद्माक्का होत्या. ओठ भेगाळलेले, जीभ लाकडासारखी. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. डोळे मात्र उघडे होते, आणि ते आधी भावाकडे आणि मग या परक्या बाईकडे वळले. हेमांगीने त्यांना कुशीवर केलं नाही. पाठ बघायचा तिला धीर झाला नाही. ते काम रुग्णवाहिकेतल्या परिचारिकेने केलं.

"अजून दोन दिवस गेले असते तर काही उरलं नसतं," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

मंडळाची चौकशी पंधरवड्याने लागली. सदस्य तीन होते, सगळे अदबीने बोलत होते. पट्टीची तपासणी झाली होती आणि तिच्यात कसलाही दोष नव्हता. चौऱ्याण्णव हा आकडा बरोबरच होता, हेमांगीनेही तो मान्य केला.

"म्हणजे तुमची भावना तुमचीच होती," मधले गृहस्थ म्हणाले. "ती खरी निघाली हा योगायोग."

"असेल," हेमांगी म्हणाली. "पण तुमच्या यंत्राने त्या योगायोगालाही जागा ठेवली नव्हती. आणि माझा चेहरा माझ्या एकटीचा नसतो हो. समोरचा त्यात बघत असतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. पट्टी काढल्याबद्दल तिची नोंदणी तीन महिने स्थगित झाली. बाहेर व्हरांड्यात टिकेकर मॅडम थांबल्या होत्या. एकाएकी म्हाताऱ्या दिसत होत्या त्या.

"माझ्या चार वर्षांच्या निळ्या खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "वाचायला घ्यायच्यात. रोज ठरवते आणि रोज टाळते. हेमांगी, तू बसशील माझ्याजवळ?"

"बसेन," हेमांगी म्हणाली. त्यांच्यावर ती अजून रागावलेली होती, तरी म्हणाली.

सुकुमार चौगुल्यांवर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला तो अटीवर : बहिणीला भेटायचं तर तिची इच्छा असेल तरच, आणि तेही कुणाच्या तरी देखत. पद्माक्का इस्पितळात हळूहळू सावरत होत्या. बोलणं जड होतं, पण कळायचं. हेमांगी तशी त्यांची कुणी लागत नव्हती, पण मोकळी होती, म्हणून रोज दुपारी जाऊन बसायची.

एके दिवशी अक्का म्हणाल्या, "सुकू कुठाय?"

हेमांगीने पुस्तक मिटलं. "अक्का, त्यांना भेटायची तुमच्यावर काही बळजबरी नाही."

"म्हायती हाय." अक्कांनी दम घेतला. "आई गेली तवा सा वर्साचा हुता. म्या वाढिवला."

"भीती नाही वाटत त्यांची?"

"वाटतीय की. भ्या वाटतंय." त्यांनी मान हेमांगीकडे वळवली. "तरी येऊ दे."

हेमांगीला ते पटलं नाही. ही माया आहे की जायला दुसरं घर नाही म्हणून केलेली तडजोड? आपण नको म्हणतोय ते अक्कांसाठी, की सत्तावीस वर्षांपूर्वी न विचारलेल्या प्रश्नासाठी? आता आकडा सांगायला कुणी नव्हतं. ती दोन दिवस त्याच विचारात राहिली. तिसऱ्या दिवशी परत विचारलं, अक्कांनी परत तेच सांगितलं. तेव्हा तिने वॉर्डच्या सिस्टरना निरोप धाडायला सांगितलं.

शनिवारी दुपारी चौगुले आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ते दारातच थबकले. अक्कांनी चालणारा हात चादरीवरून जरासा उचलला. तो बोलावण्यासाठी होता की अडवण्यासाठी, हे हेमांगीला नीट कळलं नाही.

"तुम्ही थांबणार, मॅडम?" चौगुल्यांनी विचारलं.

"हो."

"राग आहे माझ्यावर."

"आहे."

"असू दे," ते म्हणाले. "कुणाला तरी यायलाच हवा होता."

ते खाटेपाशी जाऊन बसले. सिस्टर निघून गेल्या. हेमांगीच्या पोटात तो गोळा होताच. तो किती तिचा आणि किती त्या माणसाचा, हे तिने मोजलं नाही. तिने भिंतीशी असलेली खुर्ची उचलली आणि त्या दोघांच्या मधे येणार नाही, पण त्याचे दोन्ही हात सतत दिसत राहतील, अशा जागी ठेवून ती बसली.